माणूसच काटा होतो: सार्वजनिक जागेत सावलीचं घड्याळ कसं आखावं

"आजोबा, हलू नका ना!"

सात-आठ वर्षांची मुलगी फरशीवर उकिडवी बसून आजोबांच्या सावलीकडे एकटक बघत होती. आजोबा दोन्ही हात डोक्यावर जोडून ताठ उभे. जोडलेल्या हातांची सावली एका पितळी रेघेवर पडली होती आणि दोघांना ती पुढच्या रेघेवर जाताना बघायची होती. दोन रेघांमध्ये जेमतेम तीन बोटं मावतील एवढं अंतर. "पोचली!" असं ती ओरडली तेव्हा चार मिनिटं झाली होती. आजोबांनी हात खाली घेतले, दंड चोळले आणि म्हणाले, "आता तू उभी राहा, मी बघतो."

ते घड्याळ मी आखलेलं. मी थोड्या अंतरावर बाकावर बसले होते आणि मनात एकच विचार होता: या दोघांनी आत्ता आठ मिनिटं कशासाठीही घाई केलेली नाही. सार्वजनिक जागेत काम करणारी शिल्पकार म्हणून मला बरीच वर्षं हेच हवं होतं. लोकांनी शिल्पाकडे बघून फोटो काढून पुढे जाणं मी खूप पाहिलं आहे. त्यांनी थांबावं, आणि थांबताना वेळ हातात धरल्यासारखा वाटावा, यासाठी नेमकं काय करावं लागतं ते मला फार उशिरा कळलं. ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे, म्हणजे शाळेच्या, बागेच्या, वाचनालयाच्या अंगणात कुणाला असं काही करायचं असेल तर माझ्या चुका टाळता येतील.

आधी ठरवा: किती वेळ दाखवायचा?

दगड, जागा, पैसा यांच्याही आधी हा प्रश्न येतो. काळावरची कामं करणारे कलावंत फार वेगवेगळ्या मापांत विचार करतात. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या एका जुन्या चर्चमध्ये अमेरिकी संगीतकार जॉन केजची ऑर्गनसाठीची रचना २००१ पासून सुरू आहे आणि ती २६४० मध्ये संपणार आहे. एकूण ६३९ वर्षं. जर्मनीतल्याच वेमडिंग या गावात १९९३ पासून दर दहा वर्षांनी काँक्रीटचा एक ठोकळा ठेवला जातो. १२० ठोकळ्यांचा तो पिरॅमिड ३१८३ साली पुरा होईल. आत्तापर्यंत चार ठोकळे बसले आहेत. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये रस्त्याच्या दगडांवर एक कविता कोरली जाते, दर शनिवारी एक अक्षर.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी. हाल्बरश्टाटला एरवी तेच सूर अखंड वाजत असतात. पण ज्या दिवशी सूर बदलतो त्या दिवशी लांबलांबून माणसं येऊन त्या चर्चमध्ये उभी राहतात. ५ फेब्रुवारी २०२४ ला असंच झालं. ६३९ वर्षं कुणाच्याच मुठीत मावत नाहीत, पण एक सूर थांबून दुसरा लागणं कानाला कळतं. उत्रेख्तचंही तेच: कविता कधी संपेल कोण जाणे, पण या शनिवारचं अक्षर बघायला जाता येतं. माणूस थांबतो तो वेळेच्या एखाद्या कडेपाशी. म्हणून तुमच्या कामात अशी एक कडा हवी, आणि ती उभ्या उभ्या बघता येईल इतकी जवळ हवी. माझ्या अनुभवात चार मिनिटं हे माप सगळ्यात चांगलं. त्याहून मोठं माप घेतलं की लोक मध्येच निघून जातात. त्याहून लहान माप का चालत नाही, ते पुढे येईल.

सावलीचं घड्याळ मी निवडलं त्याचं कारण त्याला वीज लागत नाही, पुतळा लागत नाही, आणि मी सांगते त्या प्रकारात काटासुद्धा लागत नाही. बघणाराच काटा होतो. तो उभा राहिला तरच घड्याळ चालू. फ्रान्समध्ये बूर-आँ-ब्रेस इथल्या ब्रूच्या चर्चसमोर जमिनीवर असं घड्याळ आहे. त्याच गावात जन्मलेल्या लालांद या खगोलशास्त्रज्ञाने १८ व्या शतकात ते नीट करवून घेतलं होतं. म्हणजे कल्पना जुनी आहे, माझी नाही.

जागा

सकाळी ते संध्याकाळी ऊन येणारी सपाट जागा लागते, किमान सात मीटर बाय पाच मीटर. जागा बघायला हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि सगळी अंगणं उघडी वाटतात. ३० अंश अक्षांशावर २१ डिसेंबरला सूर्याच्या वेळेनुसार दुपारी तीन वाजता सूर्य क्षितिजाच्या वर फक्त २१ अंशांवर असतो, आणि इमारतीची सावली तिच्या उंचीच्या अडीचपट लांब पडते. दहा मीटरची भिंत पंचवीस मीटर अंगण गिळते. माझं पहिलं काम मे महिन्यात ठरलं, मे महिन्यातच आखलं, आणि डिसेंबरात त्याच्या संध्याकाळच्या तीन खुणा भिंतीच्या सावलीत बुडाल्या. तिथे येणारी मुलं शाळा सुटल्यावर यायची, म्हणजे नेमकी त्याच वेळी. ती चूक दगडात बसली होती, पुसता येणार नव्हती.

झाड असेल तर ते उत्तरेला असू द्या (दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेला). त्याची सावली बाकांवर पडते, घड्याळाला धक्का लागत नाही. बाकही तिकडेच, ईशान्य आणि वायव्य कोपऱ्यांत, बाहेरच्या खुणांपासून दीडेक मीटर सोडून. दक्षिणेला बाक ठेवला की बसणाऱ्यांच्या, मागे घुटमळणाऱ्यांच्या सावल्या घड्याळावर येतात आणि उभ्या माणसाला स्वतःची सावली ओळखू येत नाही. येण्याची वाट त्याच कारणाने पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून ठेवा.

उत्तर दिशा

होकायंत्र वापरू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, शिवाय फरशीखालच्या लोखंडी सळया सुईला ओढतात. शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची पद्धत हजारो वर्षांची आहे आणि अजून चोख चालते. मीटरभर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून उभी करा. तिच्या बुडाशी सुतळी बांधून जमिनीवर एक वर्तुळ काढा, असं की सकाळी सावली वर्तुळाच्या बाहेर असेल. दुपार जवळ आली की सावली आखडत जाते. तिचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खूण. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि टोक वर्तुळ ओलांडून बाहेर जातं. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला गुण्याने काटकोन काढला की उत्तर-दक्षिण. तीन वेगवेगळ्या मापांची वर्तुळं घ्या, मध्येच ढग आला तरी एक जोडी हाताशी राहते. हे काम २१ जून किंवा २१ डिसेंबरच्या आसपास केलं तर उत्तम, कारण तेव्हा सूर्याची उत्तर-दक्षिण सरक जवळजवळ थांबलेली असते.

हे काम एकट्याने उरकू नका. ज्यांच्यासाठी घड्याळ आहे त्यांना बोलवा. दिवसभर एका काठीच्या सावलीपाशी बसायचं, हाच त्यांचा पहिला थांबा.

आकडेमोड

तासांच्या खुणा एका लंबवर्तुळावर येतात. त्याची पूर्व-पश्चिम अर्धी लांबी तुम्ही ठरवायची. मोठ्या माणसांसाठी अडीच मीटर चांगली, लहान मुलांसाठी दोन. याहून मोठं केलं की ऐन दुपारी सावली खुणांपर्यंत पोचतच नाही. उत्तर-दक्षिण अर्धी लांबी मात्र तुमचा अक्षांश ठरवतो: अडीच गुणिले अक्षांशाची साइन. ३० अंशांवर साइन बरोबर अर्धी, म्हणून सव्वा मीटर. उदाहरणासाठी मी तोच अक्षांश धरते, तुम्ही तुमचा घाला.

लंबवर्तुळाच्या मध्यापासून प्रत्येक तासाची जागा दोन मापांनी मिळते. तासाचा कोन म्हणजे बारापासून दर तासाला १५ अंश.

पूर्व-पश्चिम माप = २.५ × साइन (तासाचा कोन)
उत्तरेकडचं माप = २.५ × साइन (अक्षांश) × कोसाइन (तासाचा कोन)

३० अंशांसाठी मीटरमध्ये:

बारा वाजता: ० आणि १.२५
अकरा आणि एक: ०.६५ आणि १.२१
दहा आणि दोन: १.२५ आणि १.०८
नऊ आणि तीन: १.७७ आणि ०.८८
आठ आणि चार: २.१७ आणि ०.६३
सात आणि पाच: २.४१ आणि ०.३२
सकाळचे आणि संध्याकाळचे सहा: २.५० आणि ०

सकाळचे तास पश्चिमेला येतात, कारण सकाळी सूर्य पूर्वेला आणि सावली पश्चिमेला. हे उलटं आखलेलं घड्याळ मी एका ठिकाणी प्रत्यक्ष पाहिलं आहे. कागदावर सगळं बरोबर होतं, फक्त गवंडीकाकांना नकाशा देताना उत्तर वर की खाली हे कुणी सांगितलं नव्हतं. नकाशावर बाण काढा आणि जमिनीवरही फक्कीने मोठा बाण काढा.

आता उभं राहायची जागा. ती रोज बदलते, आणि या घड्याळातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच. मध्यातून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेघेवर तारखांचा पट्टा असतो. मध्यापासून अंतर = २.५ × कोसाइन (अक्षांश) × टॅन (सूर्याची क्रांती). क्रांती म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. ३० अंशांसाठी प्रत्येक महिन्याच्या १ तारखेची अंतरं, मीटरमध्ये:

मध्याच्या उत्तरेला: एप्रिल ०.१७, मे ०.५८, जून ०.८७, जुलै ०.९२, ऑगस्ट ०.७१, सप्टेंबर ०.३२.
मध्याच्या दक्षिणेला: ऑक्टोबर ०.१२, नोव्हेंबर ०.५५, डिसेंबर ०.८७, जानेवारी ०.९२, फेब्रुवारी ०.६७, मार्च ०.२९.

२१ जूनला ०.९४ मीटर उत्तरेला आणि २१ डिसेंबरला तेवढंच दक्षिणेला, ही दोन टोकं. जानेवारी ते जून एका बाजूने वर जायचं आणि जुलै ते डिसेंबर दुसऱ्या बाजूने खाली यायचं, अशा दोन उभ्या रांगा करा, म्हणजे गोंधळ होत नाही. सगळं वर्ष दोन मीटरपेक्षाही कमी लांबीच्या पट्ट्यात मावतं. लोक आपला वाढदिवस शोधतात, तिथे पाऊल ठेवतात, मग आई-वडिलांचा शोधतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये पट्टा भराभर सरकतो, रोज जवळजवळ दीड-दीड सेंटीमीटर. जूनच्या शेवटी तो हलतच नाही. रोज येणाऱ्या माणसाला हे पायांना कळतं.

दक्षिण गोलार्धात तासांच्या खुणा दक्षिणेकडे येतात, पण तारखांचा पट्टा तसाच राहतो, जून उत्तरेला आणि डिसेंबर दक्षिणेला. विषुववृत्ताच्या दहाएक अंशांच्या आत असाल तर हा प्रकार सोडून द्या, लंबवर्तुळ चपटं होत होत नुसती रेघ उरते.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मात्र एक खास गोष्ट मिळते. तिथे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. या घड्याळात तो आपोआप दिसतो: त्या तारखेची उभं राहायची जागा आणि बाराची खूण एकमेकींवर येतात. २० अंश उत्तर अक्षांशावर बाराची खूण मध्यापासून ०.८६ मीटरवर असते, आणि तारखांचा पट्टा जूनमध्ये १.०२ मीटरपर्यंत जातो, म्हणजे तिला ओलांडून पुढे. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास आणि जुलैच्या २३-२४ तारखेच्या आसपास माणूस बाराच्या खुणेवरच उभा असतो. मी पहिल्यांदा ही आकडेमोड केली तेव्हा वाटलं आपलं काहीतरी चुकलं, खूण पट्ट्याच्या आत कशी? मग उमगलं आणि मी कागद बाजूला ठेवून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मधल्या काळात, म्हणजे साधारण दोन महिने, दुपारची सावली दक्षिणेला पडते आणि माणसं वळून मागे बघतात. त्या जागेला वेगळ्या रंगाचा दगड द्या. तेवढं तरी करायलाच हवं.

चार मिनिटांच्या रेघा

आता त्या कडेबद्दल. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटं लागतात. मी प्रत्येक तासाचे पंधरा सारखे भाग करते (वेळेने सारखे, अंतराने नव्हे) आणि तिथे बारीक रेघा मारते. त्यांची मापं वरच्याच सूत्रातून काढायची, कोन एकेका अंशाने वाढवत. बाराच्या आसपास दोन रेघांत साधारण साडेचार सेंटीमीटर अंतर येतं, सहाच्या जवळ दोन-सव्वादोन. सावली एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर गेली की तुम्ही उभे असलेली ही सगळी जमीन, अंगणासकट, एक अंश वळलेली असते.

मिनिटामिनिटाची रेघ का नाही? सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. आपल्याच रुंदीएवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात. त्यामुळे दोन मीटरवरून पडलेल्या सावलीची कडा दोनेक सेंटीमीटर धूसर असते. त्या धूसरपणात मिनिटाची रेघ वाचताच येत नाही आणि माणूस चिडतो. जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची भिंत सत्तावीस मीटर उंच आहे. तिथे सावली सेकंदाला एक मिलिमीटर या गतीने चालते, नजर रोखून धरली की हलताना दिसते. सवाई जयसिंहांनी ते एवढं मोठं बांधलं ते अचूकपणासाठी. पण आपल्याकडे काटा म्हणून दीड-पावणेदोन मीटरचा माणूस आहे. त्याला झेपेल तेवढंच मागावं.

दगड

पृष्ठभाग फिकट, खरखरीत आणि चकाकी नसलेला. माझ्या दुसऱ्या कामात काळा पॉलिश ग्रॅनाइट वापरला गेला. मी त्याला हो म्हटलं, कारण कागदावर तो देखणा दिसत होता. काळ्या दगडावर सावली दिसत नाही, आकाश दिसतं. उन्हाने तो इतका तापायचा की मुलं अनवाणी उभी राहू शकत नव्हती, आणि पाणी पडलं की घसरायचं. तेव्हापासून मी तासल्यासारखा किंवा आगीने भाजून खरखरीत केलेला फिकट दगड घेते आणि खुणांसाठी खाचेत पितळी पट्टी बसवते, फरशीच्या पातळीत. बोट फिरवल्यावर कड लागली तर पट्टी वर राहिली आहे असं समजा. महिन्याभरात कुणीतरी ठेचकाळतं नाहीतर ती उपटली जाते. पाण्यासाठी एक टक्क्यापेक्षा जास्त उतार देऊ नका. पाणसळ लावून स्वतः तपासा.

तारखांचा पट्टा किमान ऐंशी सेंटीमीटर रुंद ठेवा आणि तिथवर जाणाऱ्या वाटेत एकही पायरी नको. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही हे घड्याळ तंतोतंत तीच वेळ सांगतं, कारण सावलीची दिशा उंचीवर अवलंबून नसते. फक्त बसलेल्या माणसाची सावली आखूड पडते, म्हणून बाकाला एक हलकी सरळ काठी टेकवून ठेवावी. ती मांडीवर उभी धरली की झालं.

घड्याळाशी जुळवायचं का?

प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारतंच: "मॅडम, हे वीस मिनिटं मागे का दाखवतंय?" कारणं दोन. आपली घड्याळं एका ठरलेल्या रेखावृत्तावर चालतात आणि तुम्ही त्याच्या पश्चिमेला दर अंशामागे चार मिनिटं उशिरा सूर्य बघता. दुसरं, सूर्य स्वतःही वर्षभर एकसारखा चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याआधी तो चौदा मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. पहिला फरक खुणा सरकवून भरून काढता येतो. मी तो भरून काढत नाही, आणि तुम्हीही काढू नये असं मला मनापासून वाटतं. बाराची खूण उत्तरेकडे असेल तर त्या जागेचा मध्यान्ह तिथेच होतो, दुसऱ्या कुठल्या शहराचा नव्हे. ज्याने हातावरचं घड्याळ आणि सावली यांतला फरक पाहिला तो माणूस हमखास आणखी पाच मिनिटं रेंगाळतो. त्याला पहिल्यांदाच कळलेलं असतं की आपल्या पायाखालच्या जमिनीची स्वतःची वेळ आहे.

हा फरक समजावणारी पाटी लावा, पण ती मागच्या बाजूला, बाकांपाशी. समोर लावली की लोक पाटी वाचतात आणि निघतात. तारखांच्या पट्ट्याजवळ जमिनीवर मी तीनच वाक्यं कोरते: आजच्या तारखेवर उभे राहा. हात डोक्यावर जोडा. सावली एक रेघ ओलांडेपर्यंत थांबा.

ओलाफुर एलियासन यांनी २०१५ मध्ये पॅरिसच्या चौकात ग्रीनलंडच्या बर्फाचे बारा मोठे तुकडे घड्याळाच्या तासांसारखे गोलात मांडले होते. लोक त्यांना हात लावायचे, कान लावायचे. बर्फ वितळतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण तळहात गारठेपर्यंत त्यावर ठेवणं वेगळं. नॅन्सी होल्ट यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात काँक्रीटचे चार बोगदे मांडले, साडेपाच मीटर लांबीचे, वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या दिशेने रोखलेले. त्यांच्या छताला तारकासमूहांच्या आकारांत भोकं आहेत. भर दुपारी त्या बोगद्यात बसलं की उजेडाचे ठिपके अंगावरून सरकत जातात. या दोन्ही कामांत शरीराला जागा आहे. तुमच्या कामातही ती सोडा. कठडा नको, दोरी नको, "हात लावू नये" तर नकोच.

पक्कं करण्याआधी

फक्कीने सगळं आखून एक पूर्ण उन्हाचा दिवस तिथे काढा. दर तासाला कुणालातरी उभं करा. घड्याळ आणि सावली यांतला फरक दर वेळी लिहून ठेवा. तो फरक सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखाच राहिला पाहिजे. सकाळी आणि संध्याकाळी सारखाच पण दुपारी वेगळा फरक आला तर तुमची उत्तर चुकली आहे. दुपारी सगळं जुळतं पण कडेचे तास सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी उलट बाजूला बिघडतात, असं झालं तर अक्षांश किंवा लंबवर्तुळाचं माप तपासा. जमलं तर हीच चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, तारखांच्या पट्ट्याच्या दुसऱ्या ठिकाणावरून. घाई करणारे लोक भेटतील, उद्घाटनाची तारीख ठरलेली असेल. तरीही पितळ बसवायच्या आधी दोन ऋतू बघाच.

आणि जागा झाडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी शिकवा. माझ्या एका घड्याळापाशी पहाटे झाडू मारणाऱ्या ताई आहेत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना आजच्या तारखेवर उभं केलं. आता कुणी चुकीच्या महिन्यात उभं राहिलं तर त्या लांबूनच हाक मारतात, "अहो, जून झाला, वर सरका!" पितळेला त्या आम्लाचं पाणी लावू देत नाहीत, नुसत्या ओल्या फडक्याने पुसतात. दर डिसेंबरात मला फोन येतो: दक्षिणेला कुणी नवीन काही उभं केलंय का, सावली कुठवर आली, कुठल्या खुणा बुडाल्या. मी ते वहीत लिहिते, तारीख घालून.